अकरा मिनिटांची मोटर

आमच्या दुकानाच्या मागं जळलेल्या वायंडिंगचा ढीग आहे. काळी पडलेली तांब्याची तार. वर्षातनं दोनदा भंगारवाला येतो आणि तो ढीग घेऊन जातो. किश्शांचा ढीग मात्र कुणी नेत नाही! तो वाढतच चाललाय. चहाला कोण आलं की आम्ही त्यातलाच एखादा उपसून काढतो. पण हसायला मिळेल म्हणून पुढं सरकून बसू नका. आमच्या किश्शांत पाणी जास्त आहे आणि माणसं पोहायला कच्ची आहेत.

दुकान सोलापुरात, होटगी रोडच्या आतल्या अंगाला. मालक इराण्णा, आम्ही नुसतं आण्णा म्हणतो. माणूस सोन्यासारखा, पण राग आला की मराठी सोडून कन्नडमध्ये शिरतो आणि तिथनं लवकर बाहेर येत नाही. फिटर रफिकभाई, तीस वर्षांपासून इथंच. तिसरा मी, श्रीनिवास, सगळे शिनू मिस्त्री म्हणतात. आमच्या घरात आजोबापासून माग चालला. ते सूत गुंडाळायचे, मी तार गुंडाळतो, एवढाच काय तो फरक. विहिरीच्या, बोअरच्या मोटरी दुरुस्त करणं हा आमचा धंदा. बोटीशी माझा संबंध म्हणाल तर लहानपणी तळ्यात एकदा पॅडलबोटीत बसलो होतो, आणि तेव्हाही मला मळमळलं होतं. पोहता आजही येत नाही.

असल्या माणसाला बोटीच्या मोटरींचा एक्स्पर्ट करून ठेवलाय आण्णांनी!

*

झालं असं. करमाळ्याच्या अंगाला धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं. तिथले मासेमारी करणारे लोक बोटीला मागनं लावायच्या मोटरी घ्यायला पुण्याला जायचे. आण्णांच्या कानावर हे आलं. आण्णा म्हणाले, "मोटर हाय, पाण्यात चालतीया, म्हणजे आपलंच काम की!"

एजन्सी घेतली. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे दोघं भाऊ. थोरल्यानं मोटरीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "किती इंची पाणी टाकती?"

मी म्हटलं, "अहो, ही पाणी उपसायची नाही. बोट ढकलायची आहे."

"ते हाय वो. पण टाकती किती?"

आता या मोटरीला मागं एक बारीक भोक असतं. मोटर चालू असली की त्यातनं पाण्याची धार पडते. इंजिनाला थंड करून आलेलं पाणी ते. धार पडतीय तोवर काळजी नाही. मी हे सगळं सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या. मोटर घेऊन गेले, आणि चौथ्या दिवशी त्यांना दिसलं की मोटर लीक आहे! त्यांनी त्या भोकात पाइपाला लावतात तसलं सील भरलं, वर चिंधी गुंडाळली, आणि निघाले जाळी टाकायला.

मोटर मधोमध जाम झाली. वारा सुटलेला. वल्ही घरी, कारण आता मोटर होती ना! दुसऱ्या दिवशी दोघं बुडालेल्या बाभळीच्या शेंड्याला धरून बसलेले सापडले. धाकट्याचा हाका मारून मारून आवाज गेला होता, तो महिनाभर आला नाही. थोरला आठवड्यानं मोटर घेऊन दुकानात आला. मला वाटलं, आता हा आपल्याला मारणार.

तो म्हणाला, "लीकेज आमी काढलंय. बाकीचं गॅरंटीत बसतंय न्हवं?"

*

हौसाबाई आल्या त्या भर उन्हात, एसटीनं, नायलॉनची पिशवी घेऊन. पन्नाशीच्या असतील. उंच, हाडापेरानं दणकट. वल्ही मारून मारून हात असे झालेले की मी माझे हात टेबलाखाली घेतले. त्या स्वतः बोट चालवायच्या. गावातल्या माणसांना या काठावरनं त्या काठावर न्यायच्या.

"बोटीची मोटर पायजे."

आण्णांनी पेन उघडलं. "किती एचपी?"

"एचपी तुमी सांगा. मला अकरा मिन्टं पायजेत."

आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मोटर मिनिटात मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक!

मग त्यांनी सांगितलं, आणि ज्या आवाजात आपण बोअरची खोली सांगतो त्या आवाजात सांगितलं. गावाला तिन्ही बाजूनं पाणी. दवाखाना समोरच्या काठावर, पाण्यातनं चार किलोमीटर. रस्त्यानं वळसा पन्नासचा, तोही रस्ता म्हणावा असा नाही. त्यांच्या पत्र्याच्या बोटीला पंपाचं डिझेल इंजिन लावलेलं, त्याला पलीकडं जायला पाऊण तास लागायचा. थोरली लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. रक्त जायला लागलं म्हणून तिला बोटीत घातली.

"जावई मोबाइलात टाइम बघत हुता. बारा मिन्टं झाली म्हनला, आन् तवाच लेकीनं मान टाकली. पोटातलं बी गेलं."

रफिकभाईंनी ग्राइंडर बंद केला.

"आता धाकटी हाय, रंजना. पाचवा लागलाय. थोरली बाराव्या मिन्टाला गेली. धाकटी अकराव्याला पलीकडच्या काठाला पायजे. तेवढं बसवून द्या."

आण्णांचं पेन तसंच उघडं राहिलं. पुढं कधीतरी शाई वाळली म्हणून त्यांनी ते टाकून दिलं.

*

मला राहवलं नाही. माझं तोंड असंच आहे, बायको म्हणते याला झाकण नाही. मी विचारलं, "रंजनाला दिलीय कुठं?"

"मंद्रूपला."

"मंद्रूपला! अहो, तिथनं सोलापूर किती लांब? डांबरी रस्ता, गाडी, दवाखाने! आणि तुम्ही तिला तिथनं उचलून पाण्यापलीकडं नेणार? कशासाठी?"

हौसाबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की यानं काय शाळा-बिळा बघितलीय की नाही. "पयलं बाळंतपन हाय की."

"मग?"

"पयलं माहेरात असतंय."

मी म्हटलं, फोन लावा तिच्या सासूला, मी बोलतो. त्यांनी लावला. मी सगळं समजावून सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये बोलल्या नाहीत. मला वाटलं, जिंकलं! मग त्या म्हणाल्या, "खरं हाय तुमचं मिस्त्री. पण आमच्यात पयलं करत न्हाईत. दुसऱ्याला ठिवून घेऊ की!"

फोनमध्येच मागनं रंजनाचा आवाज आला. "आई, मला न्यायला कवा येनार?"

मी फोन परत दिला. हौसाबाई पदरानं स्क्रीन पुसत म्हणाल्या, "थोरलीच्या वक्ताला बी एक जन असंच बोलला हुता. शाळंतले सर. लई चांगला मानूस. पन त्येंच्याकडं मोटर नव्हती."

त्या दिवसापासून मी सल्ले देणं बंद केलं. मोटरीचे सोडून.

*

बोट त्यांच्याकडं होती. काठावर कुणीतरी पर्यटनाचा धंदा काढून गाशा गुंडाळला होता, त्याची चौदा फुटी फायबरची स्पीडबोट गावानं मिळवली. मोटर तेवढी गायब. आता त्या बोटीला मोटर कुठली, यावरनं दुकानात चार दिवस भांडण.

हौसाबाई म्हणाल्या, "चाळीसची द्या."

आण्णा म्हणाले, "घ्या की! चाळीस म्हणजे काय, उडतच जाल."

मी म्हटलं, बोटीवरच्या कंपनीच्या पट्टीवर लिहिलंय, तीसच्या वर लावू नये. मागची फळी तेवढीच सोसते. चाळीसचं धूड मागं टांगलं तर बोट बसल्या जागी मागनं पाणी घेईल. पंचवीस लावू, आणि पंखा असा निवडू की वजन ओढेल.

"लहान मोटर घिऊन जोरात कशी जानार?" हौसाबाईंचा सवाल.

इथं तुम्हाला एक शब्द सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. स्पीडबोट आधी पाणी कापत रांगते, नाक वर, बूड खाली. वेग वाढला की एका क्षणी ती पाण्याच्या वर येते आणि घसरत सुटते. याला आम्ही म्हणतो, बोट उठली. उठली की अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही. नाही उठली तर अर्धा तास. सगळा खेळ उठण्याचा, आणि उठणं सगळं वजनावर.

रफिकभाई तोवर एका बेअरिंगला ग्रीस लावत होते. त्यांनी हात पुसले. म्हणाले, एका फार्महाऊसवाल्या शेठनं बारा फुटी बोटीला साठची मोटर लावली होती. लोक नको नको म्हणत होते. काठावर पाहुणे, मोबाइल काढून उभे. शेठनं एकदम फुल्ल दिलं. बोट सरळ उभी राहिली आणि तशीच उलटी त्याच्या अंगावर आली.

आण्णांनी विचारलं, "मग?"

"मग क्या? बोट तो उठी आण्णा. शेठ नै उठा."

पंचवीसची ठरली.

*

मोटर ठरली, आता दांडा, म्हणजे मोटरीपासून खाली पंख्यापर्यंत जाणारा पाय. बोटीची मागची फळी किती उंच आहे त्यावर दांडा आखूड घ्यायचा की लांब हे ठरतं. आण्णांनी फोन करून विचारलं, फळी किती?

हौसाबाईंनी तिथंच मोजली. "दोन विती आन् चार बोटं!"

आण्णांनी इकडं टेबलावर दोन विती आणि चार बोटं टाकली. वर टेप लावला. साडेसोळा इंच. "आखूड चालतंय," म्हणाले, आणि ऑर्डर देऊन मोकळे.

मी त्या दिवशी सुट्टीवर होतो. असतो तर विचारलं असतं, वीत कुणाची?

आण्णांचा हात खुर्चीत बसून वाढलेला. हौसाबाईंचा वल्ह्यावर. मोटर घेऊन गेलो, लावली, चालू केली. नुसता भणाण आवाज, आणि बोट जागेवर! पंखा पाण्याच्या वरच फिरतोय. विहिरीत पाणी खाली गेलं की पंप हवा ओढतो ना, तस्सं. मी टेप काढला. एकवीस इंच.

हौसाबाईंनी हात पुढं केला आणि माझ्यासमोर परत मोजलं. दोन विती, चार बोटं. बरोबर एकवीस!

रंजनाला तोवर सातवा संपत आलेला. मंद्रूपहून ती माहेरी आलीसुद्धा होती. काठावर दगडावर बसून ती आमची फजिती बघत होती. गोल चेहऱ्याची, हसरी. मला म्हणाली, "मिस्त्री, मला नववा लागायच्या आधी हुईल न्हवं?" आणि स्वतःच हसली. मला नाही हसता आलं. मोटर काढून घेतली आणि तीन तासांच्या परतीच्या रस्त्याला लागलो.

दुकानात येऊन आण्णांना सांगितलं. आण्णा लालबुंद. त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो मुंबईचा. आण्णा पंधरा मिनिटं त्याच्याशी कन्नडमध्ये बोलले. पलीकडनं नुसतं "सर, सर" ऐकू येत होतं. फोन ठेवून आण्णा म्हणाले, "आठ दिवसांत लांब दांड्याची देतो म्हणाला."

तो काय बोलला हे आण्णांना कळलं नसणार आणि आण्णा काय बोलले हे त्याला. पण मोटर आठव्या दिवशी आली!

*

लांब दांड्याची मोटर लावली, चालली. मी सोलापूरला पोचतोय तोवर फोन. "मिस्त्री, बंद पडली. चालूच हुईना."

पेट्रोल बघा म्हटलं, बघितलं. प्लग बघा म्हटलं, बघितला. "आणि ती लाल दोरी?"

"कसली दोरी?"

ही लाल दोरी म्हणजे चालवणाऱ्याच्या जिवाची दोरी. एक टोक मोटरीच्या बटणात अडकवलेलं, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. तो पाण्यात पडला की दोरी ओढली जाते आणि मोटर जागच्या जागी बंद. दोरी जाग्यावर नसेल तर मोटर चालूच होत नाही. मी हे सगळं सांगितलं होतं. शिकवणारा मीच ना!

परत गेलो, तीन तास. मोटरीची पूजा झालेली. हळद, कुंकू, नारळ, वर लिंबू-मिरची. आणि दोरी? गावातल्या बायकांना वाटलं, कंपनीनं मोटरीसंगं देवीला लाल दोरा दिलाय. त्यांनी तो काठावरच्या देवीच्या हातात बांधून टाकलेला!

मी पुजाऱ्याला म्हटलं, द्या काढून.

तो म्हणाला, "द्येवीला घातलेलं परत काढत न्हाईत."

"अहो, मोटर चालत नाही तिच्याशिवाय!"

"मग बरोबर हाय की! द्येवीच्या मर्जीशिवाय चालतंय का काय?"

शेवटी मी माझ्या चपलेच्या तळव्याचा तुकडा कापून त्या बटणाखाली बसवला, मोटर चालू करून दिली, आणि एका पायात चप्पल घालून सोलापूरला आलो. दुसऱ्या दिवशी नवी दोरी कुरिअर केली. चिठ्ठी लिहिली, ही माणसाची आहे, देवाची नाही.

*

मग ट्रायल. मी आणि हौसाबाई दोघंच, सकाळची वेळ, पाणी आरशासारखं. हौसाबाईंनी मोटरीची वेगाची मूठ पिळली आणि बोट अशी उठली की माझी टोपी गेली. पलीकडं आठ मिनिटांत! हौसाबाईंनी मोटर बंद केली आणि त्या बराच वेळ दवाखान्याच्या पांढऱ्या भिंतीकडं बघत बसल्या. मग तोंडाला पदर लावला. मी दुसरीकडं बघितलं. सहा वर्षं त्या या पाण्यावरनं माणसं नेत होत्या आणि ती भिंत एवढ्या लवकर जवळ आलेली त्यांनी कधी बघितली नव्हती.

पण दोघांची ट्रायल खरी नव्हे. पेशंट झोपून येणार, संगं माणसं येणार. म्हणून आम्ही माणसांच्या जागी ज्वारीचे कट्टे भरले. एक कट्टा टाकला, उठली. दोन टाकले, उठली. तिसरा टाकला, रांगायला लागली. मी पंखा बदलला, वजन ओढणारा लावला. आता दोन कट्टे आणि आम्ही दोघं, झकास. तिसऱ्या कट्ट्याला पाणी शांत असलं तर उठायची, वारा असला तर नाही.

मी लाल पेंटनं बोटीच्या दोन्ही अंगाला मोठ्या अक्षरात लिहिलं: चार माणसं.

गाव जमलं होतं. एकानं वाचलं आणि विचारलं, "चार म्हंजे, बसून चार का हुबी चार?"

दुसऱ्यानं विचारलं, "ल्हान पोरं धरून का सोडून?"

तिसरा म्हातारा लई वेळ विचार करत होता. तो म्हणाला, "पोटुशी बाई एक धरायची का दोन?"

सगळे हसले. हौसाबाई नाही हसल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "खरंच, कसं धरायचं वो?"

*

शेवटचा किस्सा आण्णा दुकानात सांगू देत नाहीत. आज ते अक्कलकोटला गेलेत म्हणून सांगतो. रंजनाला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत, पोरगी आता बसायला लागली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्ये मध्ये विचारू नका.

पहिले दहा तास चालली की मोटरीचं ऑइल बदलावं लागतं. त्यासाठी मी गेलो होतो. रंजनाला अजून तीन आठवडे होते. मंद्रूपहून तिचा नवरा तिला बघायला आला होता, साधा पोरगा, लाजरा, डब्यात लाडू घेऊन. दुपारी तीनला वारा सुटला, तिकडं रोजच सुटतो. मी ऑइलचं झाकण लावतोय आणि वरनं ओरडा आला. रंजनाला रक्त जायला लागलं होतं.

तिला खाटेवर घालून आणली. गावातली आशाताई संगं होती, औषधाची पिशवी घेऊन. मी मोटर चालू करून मागं वळून बघतो तर बोटीत अकरा माणसं! चुलत्या, मावश्या, शेजारी. मी शिव्या दिल्या. आईबापावरनं दिल्या. "उतरा! लग्नाला निघालाय का, एवढी वऱ्हाडी कशाला!"

एक म्हातारी म्हणाली, "अशा वक्ताला एकटं सोडायचं व्हय रं?"

हौसाबाईंनी एकेकाला दंडाला धरून उतरवलं. उरलो पाच. रंजना खाली झोपलेली. आशाताई तिच्याजवळ. नवऱ्याचा हात रंजनानं असा धरलेला की सोडवता येईना. हौसाबाई. आणि मी.

मी उतरायला पाहिजे होतं. हौसाबाई मोटर माझ्यापेक्षा चांगली चालवायच्या. मी उठलोसुद्धा होतो. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, मोटर तुमी धरा. माझं हात लेकीपाशी पायजेत." आणि मी बसलो. एवढंच झालं. मी बसलो, हे मी रोज स्वतःला सांगतो.

काठ सुटला. वारा समोरनं, लाटा नाकावर. मूठ पूर्ण पिळलेली आणि बोट रांगतीय. नाक वर, पाणी आत. मी ओरडलो, पुढं सरका. सरकले. आशाताई डब्यानं पाणी उपसत होती. लाडवाचाच डबा. लाडू कधीच पाण्यात गेले होते. बोट जरा उचलायची, परत बसायची.

नवऱ्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल. "तीन मिन्टं," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. थोड्या वेळानं, "चार."

रंजनाचे डोळे मिटलेले. तिच्याखालचं पाणी लाल झालेलं.

हौसाबाईंनी माझ्याकडं बघितलं. "का उठंना?"

"वारा आहे. वजन आहे."

"किती?"

मी काय बोललो ते मला नीट आठवतं. मी म्हटलं, "एक माणूस जास्त होतंय."

आशाताईला पोहता येत नव्हतं. मंद्रूपच्या त्या पोरानं विहिरीपेक्षा मोठं पाणी बघितलं नव्हतं. माझं तुम्हाला माहीत आहे. त्या बोटीत पोहता येणारं माणूस एकच होतं, आणि तिनं आपलं तरंगायचं जॅकेट काठावरच काढून लेकीच्या पाठीखाली घातलेलं होतं.

हौसाबाईंनी रंजनाच्या कपाळावरचा हात काढला आणि आशाताईचा हात धरून तिथं ठेवला. पदर कमरेला खोचला. वाकून लेकीच्या कानात म्हणाल्या, "रंजे, येते गं मी."

मग बोटीच्या कडेवर बसून त्या पाठमोऱ्या पाण्यात उतरल्या. बोट हललीसुद्धा नाही. विहिरीच्या पायऱ्या उतरावं तसं उतरल्या.

आणि बोट उठली.

मी मूठ सोडली नाही. मागं एकदाच बघितलं. पाण्याच्या वर हात दिसला, हलत होता. पुढं जा म्हणत होत्या, असं मी धरून चाललोय.

काठाला लागलो तेव्हा नवरा म्हणाला, "अकरा." दवाखान्याची माणसं स्ट्रेचर घेऊन पळत आली, आशाताईनं आधीच फोन केला होता. रंजनाला उचललं. नवरा तिच्या हाताबरोबर गेला. मी बोट परत वळवत होतो, तेवढ्यात एक सिस्टर कागद घेऊन पाण्यापर्यंत आली.

"ओ दादा! पेशंट आईला हाक मारतीय. आई कुठाय तिची?"

"मागनं येतायत," मी म्हटलं.

तिनं माझ्या पाठीमागं पाण्याकडं बघितलं. "दुसरी बोट तर दिसत नाही."

"बोट नाही."

"मग कशानं येतायत?"

"पोहत."